वेदनाशामक औषधे : देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जबाबदारी

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमातील आरोग्यविषयक सत्रात दिलेले भाषण)



तथागत बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. संयोजकांनी मला "आरोग्य" एवढाच विषय दिला होता. त्यावर दोन तास बोलता येईल आणि त्यातले काहीच कोणाच्या उपयोगी पडणार नाही. म्हणून मी तो एका लहानशा वस्तूपुरता मर्यादित केला आहे. ही वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या पर्समध्ये, गाडीच्या कप्प्यात किंवा स्वयंपाकघरातल्या डब्यात या क्षणी असणार. ती म्हणजे दुखण्यावरची गोळी.

आपल्या घरांतून डॉक्टर झालेली ही पहिली किंवा फार तर दुसरी पिढी. घरात एक डॉक्टर झाला की तो एका घराचा राहत नाही. तो भावकीचा होतो, वस्तीचा होतो, आईच्या माहेरच्या गावाचाही होतो. मी इंग्लंडमध्ये येऊन बरीच वर्षे झाली, तरी रविवारी सकाळी नागपूरहून फोन येतो आणि पलीकडून कोणी तरी विचारते, "डॉक्टरसाहेब, कंबर धरली आहे, कोणती गोळी घेऊ?" मला त्याचे ओझे वाटत नाही. माझ्या शिक्षणाच्या काळात या माणसांनी माझ्यासाठी काय काय केले हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. फोनवरून गोळीचे नाव सांगणे म्हणजे औषध लिहून देणेच होय. कागद नाही, सही नाही, म्हणून जबाबदारी कमी होत नाही. हे मी कसे शिकलो, ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांच्या पायाचा अंगठा रात्रभर ठणकतो आहे. लालबुंद झाला आहे. चादरसुद्धा लागू देत नाहीत. काय देऊ?" मी रुग्णालयातून थकून आलो होतो. दोनच प्रश्न विचारले : ताप आहे का, मार लागला आहे का? दोन्हींचे उत्तर "नाही" असे आले. "डायक्लोफेनॅक पन्नासची गोळी जेवणानंतर दिवसातून तीनदा द्या, चार-पाच दिवसांत उतरेल", असे सांगून मी फोन ठेवला. निदान बरोबर होते, औषधही गुणाला आले. तिसऱ्या दिवशी अंगठा उतरला. पण अंगठ्याबरोबर थोरल्या भाऊंचे जुने दुखणारे गुडघेही हलके झाले, म्हणून त्यांनी गोळी पुढे चालूच ठेवली. केमिस्ट चिठ्ठी मागत नव्हता. तीन आठवडे झाले. नागपूरचा उन्हाळा, त्यात दोन दिवस जुलाब. मग लघवी कमी झाली, पायांवर सूज आली, अन्नावरची वासना गेली. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन ५.८ होते. निरोगी माणसाचे ते एकच्या आसपास असते. डायलिसिसची भाषा सुरू झाली.

मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांनी माझ्या पुतण्याला एकच काम सांगितले, "घरात जेवढ्या गोळ्यांच्या पट्ट्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आण." त्यांनी त्या टेबलावर मांडल्या. त्यांत भाऊंची "बी.पी.ची गोळी" होती. ती एक गोळी दिसत असली तरी आत औषधे दोन होती : टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. हे दुसरे औषध लघवीचे प्रमाण वाढवते आणि रक्तातले युरिक ॲसिडही वाढवते. म्हणजे अंगठा सुजण्यास हातभार लावणारे औषध त्यांच्या रोजच्या पट्टीतच होते. मी ते पाहिले नाही, विचारले नाही, आणि त्याच्याशी न जमणारे तिसरे औषध वरून दिले. सलाइन, औषधे बंद करणे आणि तज्ज्ञांची सावध देखरेख यांमुळे डायलिसिस टळले. भाऊ आहेत, पण त्यांचे क्रिएटिनिन १.६ च्या खाली आता उतरत नाही. चूक त्यांची नव्हती, केमिस्टचीही फारशी नव्हती. ती माझी होती.

ही तीन औषधे एकत्र आली की काय घडते, ते समजून घेऊ. मूत्रपिंड ही एक गाळणी आहे असे समजा. गाळणीतून पाणी गळायचे तर वरून दाब हवा. रक्त आत आणणारी नळी मोकळी असली पाहिजे आणि बाहेर नेणारी नळी थोडी आवळलेली असली पाहिजे. शरीरात पाणी कमी झाले की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये आत येणारी नळी उघडी धरून ठेवतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही मंडळी नेमके हेच प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. रक्तदाबाची काही औषधे, उदाहरणार्थ रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, बाहेर जाणारी नळी सैल करतात. एरवी हे हिताचेच असते. आणि लघवीची गोळी वरच्या टाकीतले पाणीच कमी करते. आत येणारी नळी बंद, बाहेर जाणारी सैल, टाकी अर्धी रिकामी. मग गाळणीवर दाब कोठून येणार? त्यात जुलाब, उलट्या, उन्हाळा किंवा उपास आला की गाळणी थांबते. वेदना थांबते त्याच वेळी हेही चाललेले असते, आणि मूत्रपिंड ठणकत नाही. म्हणून कोणाला काही कळत नाही.

प्रोस्टाग्लँडिनचे हे कोडे उलगडले ते याच देशात. १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते सहभागी होते. या शोधाने एक गोष्ट पक्की झाली. या औषधांचा गुण आणि दोष एकाच मुळातून येतात. जे द्रव्य सांध्यात सूज आणि वेदना निर्माण करते, तेच जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळते. सांध्यात ते बंद करा आणि जठरात चालू ठेवा, असे गोळीला सांगता येत नाही. जठरात व्रण होऊन रक्तस्राव झाला तर डांबरासारखा काळा मळ होतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, ९९९ वर फोन करून रुग्णालयात जावे. म्हणून वयस्कर माणसाला ही गोळी लिहून देताना जठराच्या रक्षणासाठी ओमेप्राझोलसारखे औषधही बरोबर द्यावे, असा नियम आहे. जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, ज्यांना पूर्वी व्रण झाला आहे, त्यांना तर ही गोळी शक्यतो देऊच नये.

जठर वाचावे म्हणून एका निराळ्या जातीची औषधे निघाली. त्यांतल्या रोफेकॉक्सिबचा, म्हणजे व्हायॉक्सचा, फार गाजावाजा झाला. जठर खरोखर बरेच वाचले, पण हृदयविकाराचे झटके वाढले. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरच्या बाजारातून मागे घेतले. त्यानंतर जुन्या औषधांकडेही लोक डोळे उघडून पाहू लागले आणि डायक्लोफेनॅकही हृदयाला तितकेसे निरुपद्रवी नाही असे दिसले. २०१३ पासून येथे हृदयविकार, हृदयाची अशक्तता किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देऊ नये असा आदेश आहे, आणि जानेवारी २०१५ पासून ब्रिटनमध्ये डायक्लोफेनॅकची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही गोऱ्यांपेक्षा अधिक, आणि तेही लवकर होतात. तरी हीच गोळी आपल्या सूटकेसमधून सर्वांत जास्त येते.

डायक्लोफेनॅकची एक कथा माणसांची नाही, गिधाडांची आहे. ती मी मुद्दाम सांगतो. मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम गावाने आपल्या आजा-पणजांवर लादले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि आपल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन ते पाळले. गावाबाहेर टाकलेल्या जनावरावर आभाळातून उतरणारी गिधाडे ज्यांनी पाहिली असे वडीलधारे या सभागृहातही असतील. १९९० नंतरच्या काळात ती झपाट्याने दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एकही धड उरले नाही. कारण २००४ मध्ये सापडले. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक दिले जात होते. ते गुरू मेले आणि गिधाडाने खाल्ले, की अगदी थोड्या मात्रेनेही गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. मेलेल्या पक्ष्याच्या काळजावर, यकृतावर युरिक ॲसिडची पांढरी पुटे चढलेली आढळत. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. पण ज्या मूत्रपिंडाला पाणी कमी पडले आहे त्याच्या बाबतीत तो फरक कमी होतो, हे मी भाऊंच्या आजारात पाहिले.

आता सूटकेसकडे येऊ. भारतातून परतताना आपण पापड, तिखट आणि गोळ्या आणतो. यात लाजण्यासारखे काही नाही. येथे डॉक्टरांची वेळ मिळायला दिवस लागतात, आणि रात्रपाळीला गोदामात उभे राहायचे असते. दुखणे सोसून कामावर जाण्याची आपल्या माणसांना पिढ्यांची सवय आहे. अडचण अशी की भारतातल्या पुष्कळ गोळ्या संमिश्र असतात. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी दोन औषधे असतात. दुसऱ्या एखाद्या पट्टीत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, वर स्नायू सैल करणारे तिसरे औषध. त्याच दिवशी येथल्या दुकानातली सर्दीची पुडी गरम पाण्यात घेतली तर तिच्यातही पॅरासिटामॉल असते. घेणाऱ्याला वाटते, मी दोन निरनिराळी औषधे घेतली. यकृताला मात्र एकच औषध दुप्पट मिळालेले असते. मोठ्या माणसाने चोवीस तासांत पॅरासिटामॉलचे चार ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, यापेक्षा अधिक घेऊ नये. ज्यांचे वजन पन्नास किलोहून कमी आहे, आणि आपल्या कितीतरी आयाबाया अशा आहेत, त्यांची मर्यादा याहूनही खाली असते. आणि निमेसुलाइड नावाची गोळी ज्यांच्या डब्यात असेल त्यांनी एवढे जाणून घ्यावे की ब्रिटनमध्ये तिला परवानाच नाही आणि भारतात २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना ती देण्यावर बंदी आली. यकृताचे नुकसान हे त्यामागचे कारण. ॲस्पिरिनही सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

गरोदर भगिनींनी विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेनच्या जातीची कोणतीही गोळी मनाने घेऊ नये. दमेकऱ्यांनाही ती कधी कधी एकदम बाधते.

एका पुडीबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. "देशी औषध आहे, दुष्परिणाम नाही, आठ दिवसांत सांधे मोकळे", असे सांगून दिली जाणारी बिननावाची पुडी किंवा काळी गोळी. गुण खरोखर येतो, आणि तोच संशयाचा पहिला पुरावा समजावा. अशा औषधांच्या तपासणीत स्टिरॉइड मिसळल्याचे वारंवार आढळले आहे. चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. त्याहून वाईट म्हणजे अनेक महिने स्टिरॉइड मिळाल्याने शरीर स्वतःचे तयार करणे सोडून देते, आणि पुड्या संपल्या म्हणून एकदम थांबवल्या तर माणूस कोसळू शकतो. ज्यांच्याकडे अशी पुडी असेल त्यांनी ती फेकू नये. ती डॉक्टरांकडे घेऊन जावी. प्रेडनिसोलोन स्वतः वाईट औषध नाही. ते गाऊटमध्ये थोड्या दिवसांसाठी मी स्वतः लिहून देतो. पण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही, ते काय आहे हे माहीत असते.

आता गाऊट. वातरक्त हे त्याचे जुने नाव, पण आपल्याकडे "युरिक ॲसिड झाले आहे" असेच म्हणतात. रक्तात युरिक ॲसिड प्रमाणाबाहेर साचले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात आणि एखाद्या रात्री भडका उडतो, बहुधा पायाच्या अंगठ्यात. हा राजेरजवाड्यांचा, खाणाऱ्या-पिणाऱ्यांचा रोग, असा समज जुना आहे आणि त्यामुळे पुष्कळ रुग्ण शरमेने बोलत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत खरे कारण हे की त्यांचे मूत्रपिंड जन्मजातच युरिक ॲसिड कमी बाहेर टाकते. दारू, विशेषतः बिअर, त्यात भर घालते. पाचवे शील पाळणाऱ्याला तेवढा एक फायदा आहेच, पण शील पाळूनही गाऊट होतो, आणि म्हणून झालेल्याकडे संशयाने पाहू नये. कलेजी, मटण, सुकी मासळी, साखरेची थंड पेये बेताने घ्यावीत. तूरडाळ बंद करून मात्र गाऊट बरा होत नाही. डाळ सोडून अशक्त झालेली माणसे मी पाहिली आहेत.

भडका उडाला असता औषधे तीन : सूज उतरवणारी गोळी, थोड्या दिवसांचे स्टिरॉइड, किंवा कोल्चिसिन. कोणासाठी कोणते, हे त्याच्या मूत्रपिंडावर, जठरावर, हृदयावर आणि साखरेवर ठरते, अंगठ्यावर नाही. कोल्चिसिन हे वनस्पतिजन्य औषध आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर ज्योतीसारखी लाल-पिवळी फुले येणारी कळलावी तुम्हाला आठवत असेल. तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते, म्हणून ती विषारी समजतात. औषध आणि विष यांत येथे अंतर फारच थोडे आहे. पूर्वी जुलाब लागेपर्यंत कोल्चिसिन देत राहण्याची पद्धत होती. ती आता सोडून देण्यात आली आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत थोडी मात्रा मोठ्या मात्रेइतकीच गुणकारी ठरली आणि जुलाबाचा त्रास पुष्कळ कमी झाला. येथे अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन ते चार वेळा देतात, आणि एका भडक्यासाठी एकूण सहा मिलिग्रॅम, म्हणजे बारा गोळ्या, ही हद्द आहे. त्याच काळात छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू झाले तर कोल्चिसिन शरीरातून बाहेर पडत नाही आणि प्राणावर बेतू शकते. त्यावर उतारा नाही. म्हणून प्रतिजैविक लिहून देणाऱ्या डॉक्टरांना "मी गाऊटची गोळी घेतो" हे सांगितलेच पाहिजे, त्यांनी विचारले नाही तरी.

भडका शमवणे म्हणजे गाऊट बरा करणे नव्हे. साचलेले युरिक ॲसिड खाली आणणारे औषध निराळे, ते म्हणजे ॲलोप्युरिनॉल. हे औषध ज्यांनी घडवले त्यांत गर्ट्रूड एलियन या बाईंचे नाव प्रमुख आहे. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित आईबापांच्या पोटी १९१८ मध्ये त्या जन्मल्या. केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रयोगशाळेत जागा नाकारल्या गेल्या, डॉक्टरेटही पुरी करता आली नाही. त्यांनीच पुढे जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासमवेत कर्करोगावरचे मर्कॅप्टोप्युरिन, अवयव-रोपणातले ॲझाथायोप्रिन आणि गाऊटवरचे ॲलोप्युरिनॉल ही औषधे घडवली. १९८८ च्या नोबेलमध्ये दोघेही होते. माझ्या मुलींना मी ही गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे. योगायोग असा की त्यांचीच ही औषधे एकमेकांशी जमत नाहीत. ॲलोप्युरिनॉल ज्या विकराला अडवते, त्याच विकराने ॲझाथायोप्रिनची विल्हेवाट लागते. दोन्ही एकत्र पूर्ण मात्रेत दिली तर अस्थिमज्जा बंद पडते. ॲझाथायोप्रिन लिहिणारा डॉक्टर एका रुग्णालयात, ॲलोप्युरिनॉल लिहिणारा दुसऱ्या देशात, आणि दोन्ही गोळ्या एकाच डब्यात, असे आपल्या घरांत सहज घडू शकते.

ॲलोप्युरिनॉल शंभर मिलिग्रॅमपासून, मूत्रपिंड अशक्त असेल तर पन्नासपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. बहुधा भडका पूर्ण शमल्यावर दोन ते चार आठवड्यांनी सुरू करतात. पहिल्या काही महिन्यांत जुने स्फटिक सुटू लागतात म्हणून अंगठा पुन्हा भडकतो, आणि येथेच आपली माणसे फसतात. "औषधानेच त्रास वाढला", म्हणून ते बंद करतात. तो त्रास टाळण्यासाठी त्या काळात थोडे कोल्चिसिन बरोबर देतात. ॲलोप्युरिनॉल चालू असताना भडका आला तर ते बंद करायचे नसते. बंद करायचे एकाच कारणाने, तत्काळ : अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले, तर. मग त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लक्ष्य असे की युरिक ॲसिड सहाच्या खाली राहावे. हे भारतातले मोजमाप. येथे तेच ३६० म्हणून छापतात. माझ्याकडे एक गृहस्थ घाबरून आले होते, "नागपूरला ८.४ होते, इथे येऊन ५०० झाले!" दोन्ही आकडे एकच आहेत. भारतातल्या आकड्याला साधारण साठाने गुणले की येथला आकडा येतो.

मेथोट्रेक्सेटचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते आमवाताच्या, म्हणजे र्‍हुमॅटॉइड संधिवाताच्या, रोग्यांना फार उपकारक आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. भारतातून आई येते, पट्टीवर इंग्रजीत लिहिलेले असते, सून रोजच्या गोळ्यांबरोबर देते. वार ठरवा, तो मराठीत मोठ्या अक्षरांत डब्यावर लिहा. लघवीच्या संसर्गासाठी मिळणारे ट्रायमेथोप्रिम त्याच्याबरोबर चालत नाही, हेही त्या डब्यावर लिहा.

आता कोणी विचारील, मग दुखले तर करायचे काय? गुडघ्याच्या झिजेसाठी येथल्या मार्गदर्शक नियमांत पहिले स्थान गोळीला नाही, व्यायामाला आणि वजन उतरवण्याला आहे. त्यानंतर गुडघ्यावर चोळायचे मलम. त्यातले औषध रक्तात फार थोडे जाते. त्यानेही भागले नाही तर गोळी, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, आणि थांबवायची तारीख ठरवून. भाऊंना मी मात्रा सांगितली होती, दिवसही सांगितले होते, पण "या तारखेला गोळी बंद" असे वहिनींकडून वदवून घेतले नव्हते. आता मी फोनवर ते वदवून घेतो.

विनयपिटकाच्या महावग्गात रोग्याविषयी भगवंतांनी पाच गोष्टी सांगितल्या आहेत. ज्याची शुश्रूषा करणे कठीण असा रोगी कोण? जो पथ्याचे करीत नाही, हितकर गोष्टीतही प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगत नाही आणि वेदना सहन करीत नाही. मी वैद्यकशास्त्र शिकून कित्येक वर्षांनी हे वाचले आणि दुसऱ्या व चौथ्या मुद्द्यावर थांबलो. हितकर गोष्टीतही प्रमाण. आजार आहे तसा सांगणे. तेथेच शुश्रूषा करणाऱ्याचेही गुण दिले आहेत : त्याला औषधाची सिद्धता करता यावी, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. ज्या रविवारी मी वहिनींचा फोन घाईत ठेवला, त्या दिवशी माझ्यापाशी मैत्रीभाव होता. पथ्य-अपथ्य विचारायला मी थांबलो नाही.

तेव्हापासून फोनवर मी पाच प्रश्न विचारतो आणि उत्तरे आल्याशिवाय गोळीचे नाव घेत नाही. रोज कोणत्या गोळ्या घेता, पट्टीवरची अक्षरे वाचून दाखवा. मूत्रपिंड शेवटचे कधी तपासले? पोटात व्रण, काळा मळ, दमा, हृदयविकार यांपैकी काही? आता जुलाब, उलट्या, ताप आहे का? दुसऱ्या कोणी काही दिले आहे का, पुडीसह? बहुतेक वेळा यानंतर मला गोळी सांगावीच लागत नाही, तेथल्याच एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे पाठवावे लागते. काही नातेवाईक रुसतात. "पूर्वी लगेच सांगत होता", म्हणतात. म्हणोत.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर संस्थेने एक पानाचा मराठी तक्ता ठेवला आहे. त्यात औषधाचे नाव, आत कोणती औषधे आहेत, किती, कधी, कशासाठी आणि कधी बंद, असे रकाने आहेत. दिवाळीनंतर ज्यांचे आईवडील येथे यायचे आहेत त्यांनी तो आजच न्यावा, फोनवर विचारून विमान सुटण्यापूर्वी भरावा आणि येथल्या डॉक्टरांना व फार्मसिस्टला दाखवावा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर यांतल्या कोणत्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या, हेही त्याच भेटीत विचारून शेवटच्या रकान्यात लिहून घ्यावे. हृदयासाठी दिलेली पंचाहत्तरची ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची गोळी मात्र माझे भाषण ऐकून कोणीही आज रात्री बंद करू नये. ज्यांनी आज आपल्या गोळ्या पिशवीतून आणल्या आहेत, त्यांच्यासाठी मी आणि आपल्या फार्मसिस्ट भगिनी भोजनानंतर डावीकडच्या खोलीत बसणार आहोत. पट्ट्या कापून आणल्या असतील तर नाव असलेला तुकडाही बरोबर आणा.

जय भीम. नमो बुद्धाय.